दोनात मी कुठला?

अकरा बेचाळीसला मी ब्रेकर चालू केला. दुसऱ्याच क्षणी तो आपोआप पडला.

ब्रेकर म्हणजे मोठा स्विच. आमच्या सबस्टेशनमधून वेगवेगळ्या गावांकडे तारा जातात, त्या प्रत्येक लाईनला फीडर म्हणतात आणि प्रत्येक फीडरला असा एक ब्रेकर असतो. झाडाची फांदी तारेला घासली तरी तो पडतो. जंगलातल्या फीडरला हे रोजचंच. त्यामुळे एकदा पडला तर पुन्हा चालू करून पाहायची आम्हा ऑपरेटरांना सवय आहे. माझा हात पुन्हा हँडलकडे गेला, तेवढ्यात फोन वाजला.

"ब्याड अण्णा, ब्याड. मारुती वर हाय."

ब्याड म्हणजे कन्नडमध्ये नको. फोनवर लाईनमन बसवराज होता. मी हात मागे घेतला आणि खुर्चीत बसलो. लॉगबुकात मी नुकतंच लिहिलं होतं : काम पूर्ण, माणसं खाली.

झालं होतं ते असं. अणशीकडच्या फीडरवर सकाळी नऊपासून काम चालू होतं. अशा कामाआधी लाईनमन माझ्याकडून 'लाईन क्लिअर' घेतो. म्हणजे मी वीज बंद करतो, त्याला एक नंबर देतो आणि तो नंबर परत मिळेपर्यंत वीज चालू करत नाही. त्या दिवशी आरोग्य केंद्रातून लशींच्या फ्रिजसाठी तीन फोन आले होते. अकरा चाळीसला बसवराजचा फोन आला की काम उरकलंय.

मी म्हणालो, "माणसं खाली उतरव. मी लाईन चालू करतो."

तो म्हणाला, "आतु, अण्णा." आणि रेंज गेली.

कर्नाटकातल्या आमच्या तालुक्यात मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे, दोघेही दिवसातून पन्नास वेळा आतु म्हणतात. त्याचा अर्थ 'झालं' असाही होतो आणि 'बरं' असाही. मी ऐकलं : झालं, उतरली. त्याला म्हणायचं होतं : बरं, उतरवतो. तो रेंजसाठी चढावावर आला होता. खांब तिथून दोनशे पावलांवर, वळणापलीकडे. नंबर परत घेणं हे माझं काम होतं आणि मी तो मागितला नाही. चूक माझी.

बसवराजचा मदतनीस मारुती वाचला तो अर्थिंगच्या रॉडमुळे. काम सुरू करण्याआधी तारांना सळई लावून ती जमिनीशी जोडतात. चुकून वीज आलीच तर ती त्या वाटेने जमिनीत जाते आणि ब्रेकर पडतो. मारुतीने स्वतःच ते रॉड लावले होते. जाळ झाला, तो दचकून घसरला आणि कमरेच्या पट्ट्यावर लटकला. गुडघा सोलला. कान दोन दिवस वाजत राहिले.

चौथ्या दिवशी जोयड्याला, तालुक्याच्या ठिकाणी, चौकशी झाली. फोनचं रेकॉर्डिंग होतं. इंजिनिअर साहेबांनी ते ऑफिसातल्या सात जणांना ऐकवलं. चौघे म्हणाले 'झालं', तिघे म्हणाले 'बरं'. मला आणि बसवराजला लेखी ताकीद मिळाली. सर्क्युलर निघालं : यापुढे 'आतु' हा शब्द वापरू नये, काम संपल्यावर ग्रुपवर 'कन्फर्म्ड' असं टाकावं.

मी उठलो तेव्हा साहेब म्हणाले, "बसा. मारुती म्हणतोय, तुमची ड्युटी असली की तो खांबावर चढणार नाही."

"त्याचं बरोबर आहे."

"बरोबर असेल हो. पण तो कंत्राटी आहे. चढला नाही तर कंत्राटदार दुसरा आणेल. महिनाअखेरपर्यंत बघतो मी."

घरी आल्यावर मी जुनी लॉगबुकं काढली. बसवराज धारवाडकडून बदलून आल्याला सात महिने झाले होते. तेवढ्यात आमची त्रेसष्ट वेळा फोनवर गाठ पडली होती. मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्या आधीच्या लाईनमनबरोबर मी नऊ वर्षं काम केलं, त्याच्या घरची जेवणं जेवलो. त्याचा आतु कोणता, हे मला सुरावरून कळायचं. बायको स्वयंपाकघरातून 'बरं' म्हणते तेव्हा तो होकार आहे की नाराजी, हे मला पाठमोरा असलो तरी कळतं. त्याला एकवीस वर्षं लागली. बसवराजला मी फोनमागे सरासरी अर्धं मिनिट दिलं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी बसने अणशीला गेलो. स्टॉपवर एक ठेंगणा माणूस उभा होता. माझ्या खांद्याएवढा. फोनवरच्या आवाजावरून मी बसवराजला सहा फुटी धरून चाललो होतो.

तोही माझ्याकडे बघत राहिला. "तुमी लई म्हातारे असाल वाटलं, अण्णा."

"का?"

"फोनवर खोकता की."

मारुती लाईनखालची झुडपं तोडत होता. पन्नाशीचा कुणबी माणूस, गुडघ्याला फडकं बांधलेलं. त्याने कोयता थांबवला नाही.

मी म्हणालो, "मी सबस्टेशनवरून आलोय."

"वळखलं. आवाजावरनं."

"माझा आवाज कधी ऐकलास?"

"ह्याच्या फोनातनं ऐकतो की. काम झालं का, म्हणून इचारता. वर कोण हाय, ते कवा इचारलं न्हाई."

मी सांगितलं की माणसं किती आहेत ते मी दर वेळी लिहितो. कामावर दोन माणसं, असं.

त्याने कोयता खाली ठेवला. "दोनात मी कुठला?"

त्रेसष्ट नोंदींत मारुती हे नाव एकदाही नव्हतं. आकडा मात्र प्रत्येक वेळी बरोबर होता.

"माझं चुकलं, मारुती," मी म्हणालो. "तू नाही चढलास तर तुझं काम जाईल. तू काय म्हणशील ते मी करतो."

त्याने गुडघ्याचं फडकं नीट केलं. मग म्हणाला, "खाली आलो की मी सांगनार. माज्या तोंडानं. ह्यानं न्हाई."

बसवराज म्हणाला, "रेंज वर चढावावर हाय. तू वर जाईस्तोवर टाइम जातो."

"किती?" मी विचारलं.

"चार मिंटं."

"जाऊ देत."

मग तिघांनी तिथेच बसून जेवण केलं. मारुतीने आपल्या डब्यातली माडीच्या कंदाची भाजी मला न विचारता वाढली.

नऊ दिवसांनी माझ्या ड्युटीत त्याच फीडरवर काम निघालं. मारुती चढेल की नाही, हे मला सबस्टेशनवर कळायला मार्ग नव्हता. लाईन क्लिअर देताना मी विचारलं, "वर कोण जातंय?" बसवराज म्हणाला, "मारुती." मी ते नाव लिहिलं.

तासाभराने फोन आला. आधी नुसता दम लागल्याचा आवाज. मग :

"मी मारुती. खाली हाय. बसवराज बी खाली हाय, माज्या बाजूला हाय."

बसवराजने नंबर सांगितला. मी तो परत म्हटला. "मारुती, लाईन चालू करतो."

"थांबा. रॉड काढलं का, ते कोन इचारनार?"

"रॉड काढले का?"

"काढलं." दम घेतला. "आतु, साहेब."

हा कोणता आतु, ते मला कळलं. मी ब्रेकर चालू केला. तो टिकला.

सर्क्युलर अजून भिंतीवर आहे. 'कन्फर्म्ड' आम्ही ग्रुपवर टाकतो, पण नंतर. आधी मी नावं विचारतो, आणि ज्याचं नाव लिहिलंय त्याचा आवाज ऐकल्याशिवाय हँडलला हात लावत नाही. आमचा फोन आता सरासरी दोन मिनिटं दहा सेकंद चालतो.

मागच्या आढाव्यात साहेबांनी विचारलं की अणशी फीडरवर काम संपल्यावरही वीज यायला उशीर का होतो, लेखी कारण द्या. मी एका ओळीत दिलं : मारुतीला चढाव चढायला चार मिनिटं लागतात.