खारवेळचा हिरवा रंग

डोळा लागतोय हे मला कळतंय, तरी मी उठत नाही. गाल टेबलावर पसरलेल्या नकाशावर टेकलाय, कागद घामाने गालाला चिकटलाय आणि वर पंखा नुसताच गरम हवा ढवळतोय. पुण्यातली मे महिन्यातली दुपार. पाच मिनिटं फक्त, असं मी स्वतःला सांगते. पाच मिनिटं म्हणून आडवं झालेलं माणूस पाच मिनिटांत उठल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आज संध्याकाळी अहवाल दिल्लीला जायचाय. हवामान बदलत चाललंय, तर देशात कुठे किती धोका आहे, याचा राष्ट्रीय अहवाल. त्यातलं किनाऱ्याचं प्रकरण आमच्याकडे. नकाशावर लाल म्हणजे मोठा धोका, मग नारिंगी, मग पिवळा, आणि हिरवा म्हणजे काळजी नको. दिसायला शाळेतल्या चित्रकलेच्या वहीसारखं प्रकरण आहे. पण बंधारे कुठे बांधायचे, निधी कुठे पाठवायचा, हे पुढची कित्येक वर्षं या रंगांवर ठरणार आहे. हिरव्याला काही मिळत नाही. ताप नसलेल्याला औषध कोण देतं?

माझ्या गालापासून वीतभर लांब, नकाशावर खारवेळ आहे. रायगडातलं, खाडीकाठचं गाव. मागच्या खेपेला लालभडक होतं, या खेपेला हिरवं झालंय. अहवाल समितीचे अध्यक्ष इतके खूश आहेत की त्यांनी या गावाची यशोगाथा चौकटीत छापायला सांगितली आहे. आकडे बरोबर आहेत, मी पुन्हा पुन्हा तपासलेत. तरी मनात कुसळ गेल्यासारखं टोचतंय, आणि ते कुठे आहे ते सापडत नाही.

"पाध्येबाई, झोपलात?"

समोरच्या खुर्चीत खांबेटे सर बसलेत. सर म्हणजे माझे वरिष्ठ, माझे गुरू, आणि या सगळ्या रंगांमागचं गणित ज्यांनी मांडलं ते. गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेले. वैकुंठ स्मशानात मी त्यांना शेवटचा नमस्कार केला होता, हे मला आत्ताही नीट आठवतंय. तरी पहिला विचार काय येतो, तर यांना चहा सांगायला हवा, आणि तोही बिनसाखरेचा.

"गेला का अहवाल?" ते विचारतात.

"अजून नाही, सर."

ते अहवालाची प्रत पुढ्यात ओढतात. जिभेला अंगठा लावून पान उलटायची त्यांची जुनी खोड, त्यावरून आम्ही मागे पुष्कळ हसायचो. आज ते अंगठा जिभेला लावतात, पण पान उलटत नाही. पुन्हा लावतात. पान जागचं हलत नाही. मी दुसरीकडे बघते, कारण मला उगाचच लाज वाटते.

मी म्हणते, खारवेळबद्दल विचारायचं होतं. ते म्हणतात, चालता चालता विचारा, मला वेळ नाही. मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई, असं ओठांवर येतं. पण सर असतानाही त्यांच्यापुढे माझी जीभ कधी उचलली नव्हती, आता काय उचलणार?

आम्ही खोलीबाहेरच्या व्हरांड्यात येतो. सर पुढे, मी मागे. फरशी पायाखाली मऊ लागते. खाली बघते तर माती. व्हरांडा अरुंद होत जातो, भिंती नाहीशा होतात. डाव्या हाताला खाडीचं पाणी आहे आणि उजव्या हाताला, पाण्याहून खाली, भाताची खाचरं. आम्ही खारवेळच्या बांधावरून चाललोय.

हा बांध मला ओळखीचा आहे. हिवाळ्यात पाहणीला मी इथे आले होते तेव्हा चांगीबाई म्हात्रे मला इथून चालवत घेऊन गेली होती. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून हा मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला तो कुठेतरी फुटतो. त्या भगदाडाला इथे खांड म्हणतात. खांड पडली की जो पहिला बघेल त्याने हाक द्यायची, आणि हाक आली की घरटी एक माणूस बांधावर. चूल पेटलेली असो की घरात लग्न असो. भरती उतरायच्या आत माती, पेंढा, काय मिळेल ते टाकून खांड बुजवायची. एकदा खारं पाणी खाचरात शिरलं की पुढची काही वर्षं तिथे भात नाही. हे सांगता सांगता चांगीबाईने मला गाव दाखवलं होतं. कुलूप, कुलूप, आणि मध्येच एखादं उघडं दार. पोरं पनवेलला, उरणला गेली. शेतात मीठ चढत गेलं तशी माणसं उठत गेली.

"हाक मारन मी," ती म्हणाली होती. "पन येल कोन, बाय?"

मी तेव्हा मान हलवली होती आणि पुढच्या गावाला निघाले होते.

"पाध्येबाई, मागे पडू नका," सर पुढून म्हणतात.

पाण्याचा आवाज बदललाय. मघाशी नुसतं चुबुकचुबुक होत होतं, आता कुठेतरी धार लागल्यासारखं ऐकू येतं. मी वाकून बघते. बांधाच्या उजव्या अंगाला, खेकड्याने पाडलेल्या भोकातून पाणी येतंय. हाताच्या पंजाने बुजेल एवढंच. मी पंजा लावते. भोक मोठं होतं. दोन्ही हात लावते. माती हातातून निसटून खाचरात जाते आणि पाणी माझ्या मनगटांवरून वाहायला लागतं.

"सर, खांड पडलीय."

"असं? बरं."

मी हाक देते. घसा फुटेस्तोवर देते. उजवीकडे गावातली दारं दिसतायत, बंद. एक उघडतं तर आत समितीची बैठक चाललीय. पांढऱ्या कपांतून चहा, बशीत क्रीमची बिस्किटं. पडद्यावर हिरवा नकाशा आहे आणि सगळे टाळ्या वाजवतायत. मी ओरडते की एक माणूस द्या, एकच. अध्यक्ष हसून हात हलवतात, शेजारचा कुणीतरी उठून दार लावून घेतो. वारा येत असेल.

पाणी माझ्या गुडघ्याला लागलंय. मला भीती वाटतेय. स्वप्नातली असते तशी नाही, खरोखरीची.

"घाबरता कशाला?" सर माझ्या शेजारी उभे आहेत. "इथे धोका नाही. नकाशा बघा."

त्यांच्या हातात नकाशा आहे, माझ्या टेबलावरचाच.

"सर, मी पाण्यात उभी आहे."

"भावनेला रकाना नसतो," ते म्हणतात. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. "गणित सांगा."

परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी मी सांगू लागते. पाण्याचा जोर किती, त्या पाण्याच्या वाटेत माणसं किती, आणि ती माणसं किती दुबळी. तिन्हींचा गुणाकार म्हणजे धोका.

"पाण्याचा जोर कमी झाला?"

"नाही. वाढलाय."

"माणसं सुधारली? पैसा आला, पक्की घरं आली?"

"नाही."

"मग हिरवं कसं झालं?"

"माणसं कमी झाली, सर." माझ्या तोंडून हे निघतं आणि पाणी कमरेला लागतं. "निघून गेली. गुणाकारातला आकडाच घसरला."

"मग बरोबर आहे," ते समाधानाने म्हणतात. "गणित चोख आहे."

मला त्यांचा इतका राग येतो. ज्या माणसाने मला बोट धरून हे काम शिकवलं, त्याचा कधी एवढा राग येईल असं वाटलं नव्हतं. मी म्हणते, जी माणसं गेली तीच तर बांध धरून होती. आपण त्यांना पाण्यात सापडणारी म्हणून मोजलं. पाणी अडवणारी म्हणून कुठे मोजलं? ती गेली की आपल्या नकाशावरचा धोका कमी होतो आणि चांगीबाईचा वाढतो. सर ऐकून घेतात. त्यांच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. पाणी माझ्या छातीशी आलंय आणि तेवढ्यात मला दिसतं की सरही तेवढ्याच पाण्यात उभे आहेत, पण त्यांचा शर्ट कोरडा आहे. इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही.

"सर, तुम्ही भिजत नाही?"

ते खाली बघतात. हाताने शर्ट चाचपतात. बाही, खिसा, खिशातलं पेन. पाणी त्यांच्या बोटांना लागत नाही.

"मला आता कसलाच धोका नाही," ते सावकाश म्हणतात. मग नकाशा डोळ्यांजवळ नेऊन त्यावर काहीतरी शोधतात. "म्हणजे मी हिरवा."

मला हसू येत नाही. त्यांनाही येत नाही.

"पाध्येबाई, माझ्या गणितात वाचलेलं माणूस आणि नाहीसं झालेलं माणूस एकसारखं दिसतं." त्यांचा आवाज कापरा झालाय, तो मी कधी ऐकला नव्हता. "अहो, हे मला जिवंतपणी का दिसलं नाही?"

मी म्हणते, मलाही आत्ताच दिसलं. म्हणते, सर, असू द्या. माझे डोळे भरून येतात, कारण त्यांना असं खचलेलं बघण्यापेक्षा त्यांचा ओरडा मला परवडला असता. मी विचारते, आता काय करू? अहवाल अडवला तर अध्यक्ष फाडून खातील, आणि पद्धतीला नाव तुमचं आहे.

ते अंगठा जिभेला लावतात. अंगठा कोरडाच राहतो. ते माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखे हसतात. मग वाकून अंगठा खाडीच्या पाण्यात बुडवतात. या वेळी तो भिजतो. ते खारवेळवर अंगठा ठेवून घासतात, जोर लावून, पाटीवरचं चुकलेलं गणित पुसावं तसं.

"हाक आलीय," ते म्हणतात. "घरटी एक माणूस लागतो. आपल्याकडून कोण जातंय?"

पाणी माझ्या तोंडात शिरतं.

फोन वाजतोय. पंखा फिरतोय. गालाखालचा कागद सोडवत मी फोन कानाला लावते. आमचा इरफान मुजावर आहे, शेजारच्याच खोलीतून. अहवाल पाठवायचं काम त्याचं.

"मॅडम, सगळं तयार आहे. अध्यक्षांचे दोन फोन येऊन गेले. पाठवू?"

मी नकाशाकडे बघते. किनाऱ्याची रेघ जागेवर आहे, खाडी जागेवर आहे. खारवेळच्या जागी रंग नाही. अंगठ्याएवढा डाग, मधे कागदाचा पांढरेपणा आणि कडेला पसरलेला हिरवा. अजून ओला आहे. मी माझे दोन्ही अंगठे बघते. रंग कुठेच नाही. बोट डागावर टेकवून जिभेला लावते. खारट. घामही खारट असतो, एवढं मलाही कळतं. पण माझा गाल खारवेळपासून चांगला वीतभर लांब होता.

"पाठवू नकोस," मी म्हणते.

 तो हळूच म्हणतो, "मॅडम, आज नाही गेला तर आपलं प्रकरण वगळूनच छापतील. वर विचारतील कुणी अडवला म्हणून. कुणाचं नाव सांगू?"

खिडकीबाहेर ऊन तसंच आहे. पुढच्या उधाणाला खारवेळची खाडी भरेल, तेव्हा चांगीबाई हाक देईल.

"माझं सांग," मी म्हणते. "आपल्याकडून मी जातेय."