पाचव्या घरचा जोगवा

माझ्या बाळांनो,

देव आहे, असं मी लहानपणापासून मानत आले. पण तो माणसाच्या रोजच्या भानगडीत लक्ष घालतो, यावर माझा कधी विश्वास बसला नव्हता. वडील रेल्वेत होते, त्यामुळे माझं शिक्षण सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेत झालं. लग्न होऊन परतूरला आल्यावर मीही शाळेत इंग्रजीच शिकवलं. सकाळी एक दिवा, संध्याकाळी एक दिवा, एवढाच माझा आणि देवाचा व्यवहार. नवस बोलणाऱ्या बायकांना मी हसत नसे. मनात मात्र म्हणे, देवाशी सौदा कसला करायचा? तुमच्या बाबांच्या हातून जे घडलं, त्यानं माझी ही नीट लावलेली समजूत पार विस्कटली. त्यांनी ते तुम्हाला सांगितलेलं नाही. मी लिहू का म्हणून विचारलं, तर फोनवर म्हणाले, "लिही."

तुम्ही राहता तिथे गोल्फ म्हणजे रोजची गोष्ट. परतूरला त्या वेळी तो शब्द कुणाला माहीत नव्हता. माझा भाऊ सैन्यात होता, निवृत्तीनंतर पुण्यात राहिला. सुधीर, म्हणजे तुमचे बाबा, शिकायला त्याच्याकडे होता आणि मामाबरोबर पहाटे मैदानावर जाता जाता त्या खेळाचाच होऊन गेला. कॉलेज झालं, नोकरी आली नि गेली, आणि एक दिवस त्यानं मला सांगितलं की तो आता व्यावसायिक झालाय, म्हणजे याच खेळावर पोट भरणार. सुट्टीत तो काठ्यांची ती लांब पिशवी घेऊन परतूर स्टेशनावर उतरला की अर्धं गाव बघायला यायचं. शेजारचे अडते मला दर वेळी विचारत, "वहिनी, सुधीर काय करून राह्यला आता?"

"गोल्फ खेळतो."

"ते ठीक हे. पण कामधंदा काय?"

मी हसून विषय बदलायची. तुमचे आजोबा गेल्यावर तोच एक माझा होता. कलकत्त्याला, दिल्लीला स्पर्धा खेळायचा. एक-दोन लहान स्पर्धा जिंकला, बाकीच्यांत मागे पडला, तरी तग धरून होता. ज्या वर्षीची ही गोष्ट आहे, त्या वर्षी त्याला पहिल्यांदा परदेशातल्या स्पर्धांमध्ये जागा मिळाली होती. त्याची बॅग भरून तयार होती.

त्या सकाळी फोन आला तेव्हा मी धुतलेले कपडे घेऊन बसले होते. सुधीर म्हणाला, "आई, माझ्या चेंडूनं एक बाई पडली."

"पडली म्हणजे?"

"उठत नाही."

एवढंच बोलून त्यानं फोन मामाच्या हाती दिला. मामानं दवाखान्याचं नाव सांगितलं. फोन ठेवल्यावर मी काय केलं असेल? उरलेल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घातल्या. कडेला कड लावून, एकेक रुमालसुद्धा. मग उठले आणि पुण्याला निघाले. वाटेत कोण भेटलं, काय खाल्लं, आजही काही आठवत नाही.

झालं होतं ते असं. त्या मैदानावरचं गवत खुरपायला बायका असत, ओळीनं उकिडव्या बसून काम करणाऱ्या. सकाळच्या सरावात सुधीरचा एक फटका वाकडा गेला आणि चेंडू झाडांच्या पलीकडे निघाला. या खेळात चेंडू माणसांकडे जाताना दिसला की इंग्रजीत एक ठरलेली हाळी देतात. ती ऐकली की जाणकार लोक डोकं हातांनी झाकून खाली वाकतात. सुधीर जिवाच्या आकांतानं ओरडला. त्या बायकांना त्या हाळीचा अर्थ कुणी कधी सांगितलेला नव्हता. कोण ओरडतंय म्हणून कमल नावाच्या एका मुलीनं मान वर करून पाहिलं. चेंडू डाव्या भुवईच्या वर लागला.

दवाखान्यात सुधीर भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. त्यानंच तिला उचलून गाडीत घालून आणलं होतं. पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावरचं रक्त सुकून काळं पडलं होतं. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले होते, जणू ते परत काही करतील. मी जवळ बसले, तर म्हणाला, "आई, मी आता काठीला हात लावणार नाही. ती उठली नाही तर मी..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. कमलला ठेवलेल्या खोलीच्या दाराशी एक नाही, दोन जीव टांगलेले आहेत, हे मला तिथे कळलं.

समोर कमलची सासू बसली होती, गिरजाबाई. मुलगा आणि सून पुण्यात मजुरीला आलेले, त्यांच्याबरोबर तीही आलेली. शिव्या ऐकायची तयारी ठेवून मी तिच्यापुढे हात जोडून उभी राहिले. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मुठीएवढी जागा दाखवत म्हणाली, "एवढासा तो चेंडू. अन् त्याच्यासाठी एवढं रान राखलंय. आमच्याकडं तेवढ्या रानात गावाची जवारी पिकली असती." मग विचारलं, "कुठल्या तुमी?"

"परतूरच्या."

"म्हंजे आपल्याच जिल्ह्याच्या की. आमी पिंपळगाव रेणुकाईचे." ती थोडी सरकली, मला बसायला जागा केली. "मी रेणुकाआईला जोगवा बोललेय. कमळीनं डोळे उघडले पाहिजेत. पण मला इथून हलता येत न्हाई. तुमी जाऊन या."

"मी?"

"तुमच्याच पोराच्या हातून झालंय ना? मंग तुमी न्हाई तर कोण जाणार?"

जोगवा म्हणजे देवीच्या नावानं पाच घरी जाऊन, परडी पुढे करून भीक मागायची. परडी म्हणजे वेताची पसरट टोपली. गिरजाबाईनं मला सगळं समजावून सांगितलं. आधी देवीची ओटी भरायची. पायात चप्पल घालायची नाही. "अन् कुणासाठी मागता म्हणून कुणी इचारलं तर खरं सांगायचं. जोगव्यात खोटं चालत न्हाई, बाई." डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, आता फक्त वाट पाहायची. सुधीरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतका शिकलेला माझा मुलगा, पण त्याच्या नजरेत "जा" एवढंच होतं. भावाला त्याच्याजवळ बसवून मी निघाले.

पुण्याहून औरंगाबाद, तिथून भोकरदन, पुढे पिंपळगावच्या जीपमध्ये कोंबून घेतलेल्या माणसांत एक मी. देवळात ओटी भरली. पुजाऱ्याच्या बायकोनं मला परडी दिली, कपाळाला मळवट लावला आणि माझ्या इस्त्रीच्या साडीकडे पाहत म्हणाली, "पहिल्यांदाच का? आवाज मोकळा काढा. शाळेत हजेरी घेतल्यागत नका बोलू." मी शिक्षिका आहे हे तिला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

पहिल्या घरासमोर माझा आवाज फुटेना. कसाबसा "जोगवा वाढा माय" असा निघाला. एका मुलीनं ओंजळभर पीठ घातलं आणि आत पळाली. दुसऱ्या घरी ओट्यावर बसलेले गृहस्थ म्हणाले, "बाई, शिकल्यासवरल्या दिसता. टीव्हीवाले तर न्हाई ना मागं?" आणि खरोखर गल्लीत डोकावून आले. मग खजील होऊन त्यांनी स्वतःच पसाभर ज्वारी वाढली. तिसऱ्या दारात डोक्यावर ओढणी घेतलेली एक बाई उभी होती. माझ्या परडीकडे पाहून तिनं विचारलं, "हमारे घर का चलता क्या, अम्मा?" मी म्हटलं, "चलता." तिनं गहू वाढले आणि परडीला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला टेकवला. चौथं घरही झालं. तोवर माझ्या पायांना खडे टोचायचे थांबले होते, किंवा मला ते कळत नव्हते.

देवळाजवळचं पुढचं घर बंद होतं, त्याच्या पुढचंही. मी चालत चालत गावाच्या दुसऱ्या टोकाला आले. तिथे एक म्हातारी दारात सुपानं ज्वारी पाखडत होती. मी जोगवा मागितला. सूप खाली ठेवून ती उठली आणि सहज म्हणाली, "कुणासाठी मागता, माय?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, "पुण्यात कमल नावाची मुलगी आहे, याच गावची. गवत खुरपत होती. माझ्या मुलाच्या हातून चेंडू लागून ती बेशुद्ध पडली आहे. तिच्यासाठी मागते."

म्हातारीचा हात दाराच्या चौकटीवर गेला. ती म्हणाली, "कोणती कमल? गिरजाबाईची सून?"

"हो."

"ती माझी लेक हे."

बाळांनो, आजवर मी पुष्कळ पाहिलं. तुमच्या आजोबांचं जाणं पाहिलं. पण त्या क्षणी जसा माझ्या अंगातला सगळा जीव जागच्या जागी थिजला, तसा कधीच थिजला नाही. गिरजाबाईनं कमलच्या आईला काही कळवलंच नव्हतं. म्हातारीच्या छातीत दुखतं, बरी बातमी आली की सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढे गिरजाबाई मला म्हणाली, "मला वाटलं, तुमी देवळाजवळची पाच घरं घेताल. कमळीचं माहेर तर पार त्या टोकाला." आणि मी त्याच दारात परडी घेऊन उभी होते. तिच्या लेकीला पाडणाऱ्याची आई, भीक मागत.

ती आत गेली. आता आतून कडी लागेल, असं मला वाटलं, आणि लागली असती तर मी तिला दोष दिला नसता. पण मला जाताही येईना. आतून डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं आणि कपाळाचं कुंकू नव्यानं लावलेलं होतं. दोन्ही हातांनी तिनं माझ्या परडीत जोगवा घातला आणि हळूच म्हणाली, "उदो गं आई." मग मला म्हणाली, "मला पुण्याला घेऊन चला."

तिचं नाव सोजरबाई. देवीपुढे जोगवा ठेवला आणि आम्ही दोघी जीपनं भोकरदनला आलो. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. स्टँडवरच्या टेलिफोन बूथमधून मी पुण्याला फोन लावला. भाऊ म्हणाला, "कुठे होतीस तू? काल तुझी गाडी सुटली आणि थोड्याच वेळात त्या मुलीनं डोळे उघडले. आईला बोलवा म्हणाली."

मी तिथेच स्टुलावर बसले. काल. म्हणजे मी ओटी भरण्याआधी, पहिल्या दारात उभी राहण्याआधी. देणं आधीच झालेलं होतं आणि मी मागत फिरत होते. मी ते सोजरबाईला सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला, खूप रडली, आणि मग म्हणाली, "असं कसं काल? मंग तुमाला माझ्या दारात कशाला धाडलं देवीनं?"

त्याचं उत्तर मला पुण्यात मिळालं. दवाखान्यात पोचल्या पोचल्या सोजरबाई लेकीला भेटून आली. कमलला बोलता येत होतं, डावा डोळा मात्र बांधलेला होता. बाहेर सुधीर त्याच भिंतीपाशी बसलेला होता. म्हातारी कोण हे कळताच तो उठला आणि तिच्या पायांशी कोसळला. ती त्याच्याकडे बघत राहिली. ती म्हणाली, "जेवला का रं?"

मामा म्हणाला, परवापासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलेलं नाही. सोजरबाईनं तिथेच फतकल मारली, गाठोडं सोडलं. लेकीसाठी बांधलेल्या भाकरी होत्या. "तिला आज देऊ देत न्हाईत. तू खा." परवापासून मांड्यांखाली दाबून ठेवलेले ते हात त्यानं पुढे केले आणि भाकरी घेतली. तो खात होता, रडत होता, आणि ती त्याला चटणी वाढत होती.

कमल बरी झाली. डाव्या डोळ्याला मात्र कायमचं अंधुक दिसतं. घरी जाताना तिनं सुधीरला बजावलं, "दादा, खेळा तुमी. पण वरडायचं तर मराठीत वरडा." त्या वर्षीचं परदेश त्याचं हुकलं. पुढे तो परत खेळू लागला, काही वर्षं टिकला, फार मोठा खेळाडू कधी झाला नाही, आणि मग तुमच्या तिकडे येऊन शिकवू लागला. हे सगळं असंच ठरलेलं होतं, असं मी म्हणणार नाही. एका निरपराध मुलीचा डोळा अधू झाला, त्यात देवीची कृपा कुठे, असं तुम्ही विचाराल तर मला सांगता येणार नाही. मला एवढंच माहीत आहे की ज्या दारात जायची माझी हिंमत झाली नसती, तिथे मला कुणीतरी नेऊन उभं केलं. आणि त्या दारातून मला माझा मुलगा परत मिळाला.

दर वर्षी मी एकदा पिंपळगावला जाते. सोजरबाई असेपर्यंत तिच्याकडे उतरायचे, आता तिच्या सुनेकडे उतरते. देवीपुढे आता मी काही मागत नाही. हात जोडून नुसती उभी राहते, आणि ती जे देईल त्याला हो म्हणते.

तुमची आजी