शर्यतीसाठी मागवलेली लेन्स

त्याला सगळे हनुवटी म्हणतात. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी कोण वाचतं? स्टुडिओत आलेल्या प्रत्येक माणसाला स्टुलावर बसवून तो आधी एकच वाक्य म्हणतो, "हनुवटी जरा खाली." मग समोर बडा साहेब असो की शिपाई, तो गुपचूप हनुवटी खाली घेतो. पासपोर्टचे, ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो, हाच त्याचा धंदा. एक पांढरा पडदा, एक निळा, छत्र्या लावलेले दोन दिवे. आरशाशेजारी दोरीनं बांधलेला कंगवा, कारण आधीचे कंगवे लोकांनी केस विंचरता विंचरता खिशात घालून नेले. आणि खुंटीवर एक काळा कोट. आसपासच्या निम्म्या पुरुषांनी तो मिनिटभर का होईना अंगात घातलाय. कोट पाठीवर उभा फाटलेला आहे, पण फोटोत पाठ येत नाही.

माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. कामात मात्र पक्का हट्टी. ज्या म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यांच्या हाताखाली तो शिकला, त्यांनी त्याला एक शिस्त लावली होती. जे आपल्या काचेतून स्वच्छ येणार नाही, त्यावर बटण दाबायचं नाही. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू दे. म्हाताऱ्यांनी हे फोटोपुरतं सांगितलं होतं हो! ह्यानं ते सगळ्या आयुष्यालाच लावून टाकलं, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

त्याची एकुलती एक लेक पळायची. चालायला शिकली तीच मुळी पळत, असं तिची आई म्हणते. शाळेतल्या तिच्या पहिल्या मोठ्या शर्यतीला तो कॅमेरा घेऊन गेला होता. आता त्याची लेन्स होती स्टुलावर बसलेल्या माणसासाठी, हातभर अंतरावरच्या तोंडासाठी. मैदानाच्या पायऱ्यांवर बसून त्यानं बटण दाबलं, आणि मोठ्या हौशीनं फोटो छापून घरी आणला. लेकीनं तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, मग विचारलं, "बाबा, ह्यात मी कुठली?"

पोरीनं सहज विचारलं होतं. तिची आई हसली, तोही हसला. पण ते त्याच्या जिव्हारी लागलं. ज्या हातानं येणाऱ्या जाणाऱ्याचा चेहरा लख्ख उतरवला, त्याच हातून पोटची पोर मोहरीच्या दाण्याएवढी यावी? त्यानं फोटो खणात उपडा टाकला आणि मनाशी ठरवलं, आता जाईन तर लांब पल्ल्याची लेन्स घेऊन जाईन. नाहीतर जाणारच नाही.

आणि खरंच गेला नाही. म्हणजे बघा, एखाद्यानं चांगला चष्मा मिळेपर्यंत डोळेच मिटून बसायचं ठरवावं, तशातली गत.

"अरे बाबा, उद्या माझी शर्यत आहे. येशील ना?" लेक विचारायची.

"मोकळ्या हातानं येऊन काय करू? तिथून दिसतं काय, एक ठिपका."

"ठिपका तर ठिपका. तू ये."

"येणार गं. लेन्स मिळू दे, मग एक शर्यत चुकवणार नाही."

मग आई जायची, पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन. हा दुकानात बसून लोकांच्या हनुवट्या खाली करायचा. संध्याकाळी मायलेकी घरी आल्या की विचारायचा, "कितवी आली?" लेक सांगायची. तो पाठ थोपटायचा, दुकानात पेढे… नाही, तेही नाही, नुसती पाठ थोपटायचा आणि जेवायला बसायचा.

लेन्स मिळणंही सोपं नव्हतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. त्याचा कॅमेरा ज्या कंपनीचा, तिनं तसले कॅमेरे बनवणं केव्हाच बंद केलेलं. नवी लेन्स मिळायची सोय नाही, आणि जुनी मिळाली तर तिचा भरवसा नाही. एकदा एका दलालानं त्याच्या गळ्यात अशी एक मारली की उजेडाकडे धरून पाहिली तर आतल्या काचेवर बुरशीची जाळी. तेव्हापासून हा ताकही फुंकून पिणारा. शेवटी कुणीतरी सांगितलं, परदेशातले लोक जुन्या लेन्स इंटरनेटवर विकायला काढतात, तिकडे बघ. हा फोन घेऊन बसला आणि एक दिवस त्याला हवी तीच झूम लेन्स दिसली. विकणारा होता समुद्रापलीकडचा एक निवृत्त फोटोग्राफर. त्यानं उभा जन्म खेळांच्या मैदानांवर काढला होता. आता हात थरथरतात म्हणून सामान काढून टाकत होता.

झालं, हनुवटीचं प्रश्नोत्तर सुरू झालं. फोन इकडची भाषा तिकडे करून द्यायचा. काचेवर ओरखडा आहे का? बुरशी आहे का? झूमची कडी फिरवताना अडकते का? उजेडासमोर धरून फोटो पाठवा. दुसऱ्या बाजूनं पाठवा. म्हातारा बिचारा पाठवायचा. बायको चिडवायची, "अहो, मला बघायला आलात तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती."

"तेव्हा अक्कल कुठे होती," तो म्हणायचा.

एकदा त्या परदेशातल्या म्हाताऱ्यानंच विचारलं, कशाचे फोटो काढणार? ह्यानं लिहिलं, माझी मुलगी पळते, तिचे. म्हाताऱ्याला फार आनंद झाला. पुढच्या निरोपात लेन्सचं राहिलं बाजूला, आधी हेच, मुलीची शर्यत कशी झाली? हनुवटीची पंचाईत. बायकोला स्वयंपाकघरात गाठून त्यानं खोदून खोदून विचारलं, कुठे मागे पडली, कुठे पुढे गेली, शेवटच्या वळणावर काय झालं. मग बसून असं रंगवून लिहिलं, जणू हा पठ्ठ्या अंथरूण टाकून मैदानावरच राहायला होता. म्हाताऱ्यानं उलट लिहिलं, तुम्ही भाग्यवान बाप आहात. ते वाचून ह्याला क्षणभर कसंसंच झालं, पण तेवढंच. लाज वाटायला हवी होती, ती लगेच विरून गेली. आपल्या लेकीशी जेवढं बोलला नसेल तेवढं तिच्या पळण्याबद्दल हा त्या परक्या माणसाला लिहीत राहिला.

अशात लेक शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजही संपत आलं. "येशील ना?" हे विचारणं तिनं कधी बंद केलं, ते ह्याला समजलंच नाही. समजलं तेव्हा उलट बरं वाटलं. म्हणाला, पोरगी समजूतदार झाली.

शेवटी एकदाचा त्यानं जीव मुठीत धरून सौदा केला. पार्सल निघालं, कस्टमच्या गोदामात अडकलं, सुटलं. आणि योग असा, की लेकीची मोठी शर्यत ज्या दिवशी दुपारी होती, नेमका त्याच दिवशी सकाळी फोनवर निरोप आला. पार्सल आज दुकानी पोचेल. ओळखपत्र दाखवून मालकानं स्वतः सही करावी, न भेटल्यास माल परत.

बायको पिशवी भरून दारात उभी होती. "अहो, शेजारच्या शिंप्याला सांगून ठेवा, तो घेईल."

"सही माझीच लागते."

"मग उद्या पुन्हा आणतील की."

"आणि परत पाठवलं तर? सगळं मुसळ केरात."

लेक उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. मान वर न करताच म्हणाली, "बाबा, पार्सल येऊ दे नाहीतर न येऊ दे. आज तू ये."

फार दिवसांनी तिनं असं म्हटलं होतं. एखाद्यानं कान टवकारले असते. हा म्हणाला, "येतोच गं. लेन्स घेऊनच येतो. आज तुझा असा फोटो काढतो की बघत राहशील."

तिनं मान हलवली आणि जिना उतरून गेली. आई मागोमाग.

पार्सलवाला उगवला तो उन्हं कलायला लागल्यावर. सकाळपासून हनुवटी दारात आत, दारात बाहेर करत होता. एका गिऱ्हाइकाचा फोटो तर त्यानं डोळे मिटलेला काढला, आणि हे त्याच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. सही केली, खोका उघडला, कागदाचे बोळे उपसले. लेन्स हातात आली. जड, काळी, कडेला रंग घासून गेलेला, पण काच? काच अशी की वाहतं पाणी! आता तरी त्यानं ती उचलून धूम ठोकावी की नाही? पण सवय जाते कुठे. त्यानं ती दिव्यासमोर धरली, पुढून पाहिली, मागून पाहिली. बुरशी नाही. कॅमेऱ्याला जोडली, रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानावर रोखली. आतल्या बाईच्या कानातला खडासुद्धा दिसला. ते बघून खूश होऊन त्यानं आणखी एकदा कडी फिरवून पाहिली, आणि मग कुठे स्कूटरला किक मारली.

मैदानावर पोचला तेव्हा माणसं खुर्च्या घड्या करून टेम्पोत चढवत होती. आखलेल्या चुन्याच्या रेघा पायांनी फिसकटल्या होत्या. पायऱ्यांवर बायको एकटी बसली होती, मांडीवर टॉवेल.

"झाली?"

"केव्हाच."

"कितवी?"

"दुसरी. शेवटच्या वळणापर्यंत पुढे होती."

तो तिच्याशेजारी टेकला, धापा टाकत. "असू दे. आता लेन्स आलीय. पुढच्या वेळी काही झालं तरी..."

"पुढची वेळ नाही," बायको म्हणाली. "ही शेवटची होती. एक तारखेपासून नोकरीवर जाते ना ती. पळणं सोडायचं तिनं मागेच ठरवलंय."

"मला कुणी बोललं नाही."

"तीच नको म्हणाली." बायकोनं टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "म्हणाली, शेवटची आहे असं सांगितलं तर बाबा फोटो काढायला येईल. नुसतं ये म्हटल्यावर येतो का, ते बघू."

 हनुवटीच्या गळ्यात ती जड लेन्स लोंबत होती. त्याला वाटलं, कुणीतरी येऊन आपल्याला चार शिव्या हासडाव्यात, म्हणजे जरा हलकं वाटेल. पण मैदानावर टेम्पोवाल्यांशिवाय कुणी नव्हतं.

तेवढ्यात लेक तोंड धुऊन, कपडे बदलून आली. बाप दिसल्यावर तिच्या चेहऱ्यावर काही हललं, मग स्थिर झालं. "हीच का ती?" तिनं लेन्स हातानं उचलून पाहिली. "केवढी जड आहे रे."

"एक फेरी पळशील?" त्यानं विचारलं. "एकच. माझ्यासाठी."

"अहो, दमलीय ती," बायको म्हणाली.

लेकीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून पळायचे बूट काढले, पायऱ्यांवर बसून घातले, आणि मैदानात उतरली.

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. कडी फिरवली तशी लेक हाताच्या अंतरावर आली. कपाळावरची बट, घट्ट मिटलेले ओठ, सगळं लख्ख. म्हाताऱ्यानं माल चोख दिला होता. त्याचं बोट बटणावर गेलं आणि डोळ्यात पाणी भरून आलं, समोरचं सगळं पुसट झालं. डोळे पुसायला त्यानं कॅमेरा खाली घेतला.

आणि मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला त्याला ती दिसली. ठिपका कसला? डावं कोपर जरा बाहेर टाकत पळत होती, घाईत असली की तिची आई चालते तशी. वळणावर आली की मान किंचित कलती व्हायची. दहा पोरी पळत असत्या तरी त्यानं तिला एका नजरेत ओळखलं असतं. सगळं दिसत होतं. ह्याच पायऱ्यांवरून, उघड्या डोळ्यांनी, इतकी वर्षं दिसलं असतं. नुसतं येऊन बसायचं होतं. आपण काय घालवलं ते त्याला तिथे बसल्या जागी कळलं. दुसरं वळण आलं, तिसरं गेलं. त्यानं कॅमेरा पुन्हा वर उचलला नाही. ती जिथे जाईल तिथे त्याची मान फिरत राहिली.

ती फेरी संपवून पायऱ्यांपाशी आली, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. "आला का फोटो?"

"नाही काढला," तो म्हणाला. "बघत बसलो तुला. किती छान पळतेस गं."

लेक खालच्या पायरीवर बसली आणि नाड्या सोडायला लागली. एक बूट काढून तिनं बाजूला ठेवला.

"दुपारी शर्यतीत मी ह्याहून खूप छान पळाले होते, बाबा," ती म्हणाली.