दोघींचं शेत

फालेसीइतके सरळ वरंबे आमच्या भागात कुणी ओढत नाही. डेड्झाच्या डोंगराखालच्या नऊ गावांत मी शेतीचा सल्लागार म्हणून सायकलवर हिंडतो, त्याला सतरा वर्षं झाली. तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. तिचा नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत गेला तो तिकडचाच झाला. घरात ती आणि मुलगी लुस्तिया. आमच्यात जमीन आईकडून मुलीकडे जाते. त्यामुळे दोन एकरांचा तो तुकडा उद्या लुस्तियाचाच होता, आणि सोळाव्या वर्षीच ती मालकिणीच्या तोऱ्यात बोलायची.

राजधानीत, लिलाँग्वेच्या कचेरीत नव्यानं आलेल्या साहेबांना वाटतं, इथली माणसं कमी राबतात म्हणून माणशी मका कमी येतो. तसं नाही. डिसेंबरात कणगी रिकामी होते आणि नेमकी तेव्हाच शेताला भांगलण हवी असते. घरात पीठ नसलं की माणसं तंबाखूच्या मळ्यावर जातात, दिवसभर दुसऱ्याची माती उकरतात आणि संध्याकाळी टोपलीभर मका घेऊन घरी येतात. तोवर आपल्या शेतात गवत गुडघ्याला लागलेलं असतं. फालेसी आणि लुस्तिया, दोघींच्या वर्षभराच्या राबण्यातून आठ पोती यायची आणि ती पुन्हा डिसेंबरात संपायची.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. म्हणालो, "माई, यंदा मळ्यावर जाऊ नका. उगवणीनंतरचे तीन आठवडे सगळे घरच्या शेताला द्या. हात तेवढेच, मका दुप्पट येईल."

लुस्तिया शेंगा सोलत होती. "आणि तीन आठवडे खायचं काय, भाऊ? तुमचा सल्ला शिजवून?"

फालेसीनं तिला गप्प केलं आणि मला एवढंच विचारलं की, खात्रीनं सांगताय ना? मी हो म्हणालो. पुस्तकात तसंच होतं, आणि ते खरंही होतं.

त्यांनी ऐकलं. आमच्याकडे आंबे याच दिवसांत पिकतात; ते होते तोवर त्यांच्यावर काढलं. मग भोपळ्याची पानं, कधी कोंड्याची पेज. न्सिमाचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, घट्ट गोळा त्या घरात आठवड्यातून एकदा शिजायचा, तोही एकाच ताटलीत. मी दोनदा पीठ नेऊन दिलं. माझ्याही घरी चार पोरं, त्याहून जास्त देववलं नाही. लुस्तियाची चेष्टा मात्र थांबली नव्हती. कमरेचं कापड पूर्वी दोन वेढे घ्यायचं, आता तीन घेतं, तेव्हा सल्लागारानं आपल्याला फुकट नवं कापडच दिलं, असं ती बायकांना सांगायची.

एकदा मी बांधावर उभा असताना ती वरंब्यावर खाली बसली. डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणाली. फालेसीनं तिला सावलीत जायला सांगितलं. ती उठू लागली तेव्हा मी म्हणालो, "चारच दिवस राहिलेत, लुस्तिया." ती माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा कुदळ उचलली. तिनं सावलीत जायला हवं होतं. मी ते बोललो नसतो तर ती गेली असती.

जानेवारी सरता सरता तिला ताप भरला. मी तिला सायकलच्या कॅरियरवर पाठीशी बांधून दवाखान्यात नेलं. अकरा मैल फालेसी मागून पळत होती. तिथल्या नर्सनं बोटाला सुई टोचली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, मलेरिया इतरांना झालाय तसाच आहे, पण हिच्या अंगात रक्तच उरलेलं नाही. रक्त आणायला गाडी जिल्ह्याला गेली. नर्सनं तिच्या हातून होईल ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी यायच्या आधी लुस्तिया गेली.

मका माणसाच्या डोक्यावर गेला होता. कापणीला फालेसीच्या बहिणीच्या मुली आल्या, तर तिनं त्यांना परत पाठवलं आणि एकटीनं कणसं मोडली. एकोणीस पोती भरली.

माझ्या कागदावर एक रकाना असतो : शेतात राबणारी माणसं. मोजणीच्या दिवशी घरात असतील तेवढी धरायची, असा नियम. मी एक लिहिलं. माणशी एकोणीस पोती. अख्ख्या जिल्ह्यात एवढा आकडा कुणाचाच नव्हता. कचेरीला आनंद झाला. शाळेच्या मैदानात शेतकऱ्यांचा मेळावा भरवला आणि फालेसीला चार शब्द बोलायला बोलावलं.

ती उठली. आकडा मघाशीच वाचून दाखवला होता.

"एक नाही," ती म्हणाली. "दोन लिहा."

जिल्ह्याचे साहेब भले माणूस. त्यांनी नियम समजावून सांगितला.

"भांगलण तिनं केलीय," ती म्हणाली. "उपाशी पोटी केलीय. दोन लिहा." आणि खाली बसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मी त्याच संध्याकाळी आकडा बदलला. कागद दुरुस्तीसाठी परत आला, मी तो तसाच पुन्हा पाठवला. पुढं त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

तिची माफी मागायला मला चार महिने लागले. कशीबशी मागितली, तर म्हणाली, "सल्ला बरोबरच होता, भाऊ. मका आलाच ना." रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं.

पुढच्या डिसेंबरात तिच्या कणगीत मका शिल्लक होता. तरीही ती मला तंबाखूच्या मळ्यावर दिसली, पंधरा-वीस बायकांच्या रांगेत. तिच्या शेतात गवत माजलं होतं. मी सायकल उभी केली आणि विचारलं, "माई, घरी दाणा असताना इथं का?"

तिनं कपाळाचा घाम पुसला. "घरच्या शेतात बोलायला कुणी नाही. इथं बायका बडबडतात."

मग रीतीप्रमाणे माझ्या घरच्यांची विचारपूस केली. धाकट्याचा खोकला गेला का, म्हणाली. मी म्हणालो, गेला. बरं झालं म्हणाली, आणि पुन्हा वाकली.