रिकामी बशी

माझी थोरली जाऊ सुनिताताई कशेळ्याच्या नाक्यावर पंक्चरचं दुकान चालवते. नवरा खोपोलीच्या कंपनीत लागला तेव्हापासून जॅक, पाने, टायर सगळं तिच्याच हातात आलं. शेजारी माझी चहाची टपरी. बाई कामाला चोख, पण काळजीखोर इतकी की जीव नकोसा करते. गाडी दुरुस्त होऊन गेली की तासाभरात फोन, "पोचलास का रं?" गिऱ्हाइकं हसायची. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचे.

तिची आणखी एक सवय. बारीकसारीक भाग ती कड उडालेल्या एका बशीत ठेवायची. बशी रिकामी झाली म्हणजे काम पुरं.

मंगळवारी सकाळी नवीन नावाचा ड्रायव्हर आला. कळंबच्या एका रिसॉर्टवर तो पिकअप चालवतो. मागे ट्रेलर, त्यावर मोटारबोट. दुपारपर्यंत खालापूरजवळच्या तलावावर पोचवायची होती. बोटीच्या दोऱ्या सैल पडतायत का हे बघायला त्याची बायको छाया स्कूटरवरून मागोमाग.

"वैनी, नुसती हवा मारा," तो म्हणाला.

ट्रेलर दिसायला नवाकोरा. तीन वर्षं ताडपत्रीखाली उभा होता. दर दसऱ्याला त्याला रंग मिळे, झेंडूची माळ मिळे, पण चाकं उघडायचं कुणाला सुचलं नव्हतं. ताईनं वाकून टायरवरचा आकडा वाचला.

"नक्षी नवी दिसतेय रं, पन टायर दोन हजार चौदाचा हाय. उभ्या उभ्या कुजलाय. वाटेत फुटला तर मागं कोन हाय?"

नवीननं छायाकडे पाहिलं आणि पिकअप बंद केली.

ताईनं टायर बदलले. चाकं उघडली तर आतलं ग्रीस वाळून खडा झालेलं. सगळं पुसून तिनं नवं ग्रीस भरलं, नट बसवले. नट फिरून सुटू नये म्हणून त्यात आरपार पिन घालतात. तशा दोन नव्या पिना बशीत होत्या. एक तिनं घातली आणि नवीन ओरडला, "वैनी, साखळीचं पन बघा ना, उशीर होतोय!" पिकअपला ट्रेलर जिथं अडकवतात तिथं साखळीऐवजी नायलॉनची दोरी होती. ताई करवादत उठली.

तेवढ्यात मी चहाचे कप उचलले. बशी ग्रीसनं बरबटलेली, तीही उचलली, बादलीत बुचकळली, पुसून जागेवर ठेवली. तेवढीच जावेला मदत.

साखळ्या लावून ताई परत आली. बशीकडे पाहिलं. दोन्ही चाकांवर टोपणं ठोकली. "पाच किलोमीटरवर थांब, चाकाला हात लावून बघ," असं बजावून तिनं त्यांना सोडलं.

अर्ध्या तासानं मी बादली ओतली आणि फरशीवर काहीतरी टणकन वाजलं. पिन होती. मी तशीच ताईकडे धावले. ताईला दाखवली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. नवीनला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला. ताईचं 'पोचलास का' सुरू झालं म्हणून तो हसत असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. छायाही उचलेना.

आम्ही माझ्या स्कूटरवर बसलो. प्रत्येक वळणावर मला रस्त्यात आडवी पडलेली छायाच दिसत होती. मागे ताई एका हातात पिन आणि पाना धरून पुन्हा पुन्हा फोन लावत होती.

कर्जतच्या अलीकडे ट्रेलर कडेला उभा दिसला. नवीन थांबायला तयार नव्हता. चाक डुगडुगताना बघून छायानंच हॉर्न वाजवून वाजवून त्याला थांबवलं होतं. एक चाक हातानं हलवलं तरी खडखडत होतं. ताईनं टोपण काढलं. नट सुटत सुटत टोकाशी आला होता.

मी रडायलाच लागले. "ताई, बशी मीच धुतली गं."

"तू बशी धुतलीस," ती म्हणाली. "मी बशी बघितली, चाक नाय बघितलं."

तिनं नट आवळला. पिन घातली. मग दुसरंही टोपण काढून दोन्ही चाकांच्या पिनांवरून तिनं पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिलं.

बशी ताईनं त्याच दिवशी फेकून दिली. गाड्या येतात, जातात. तासाभरानं फोन आजही जातो, "पोचलास का रं?" फक्त आता तो मी करते.