मी नॉर्वेकरांचे प्राण वाचवले

हसायचं नाही, या अटीवर सांगते. अट तुम्ही पाळणार नाही हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात कुणी पाळली नाही, तर तुम्ही काय पाळणार? पण दुसऱ्या कुणाकडून ऐकलंत तर त्यात मीठमसाला भरपूर असेल, त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. पन्नास माणसांचे प्राण वाचवायला निघालेल्या बाईची ही गोष्ट आहे, आणि ती बाई मीच.

अबुधाबीत, अल रीम आयलंडवर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये इंग्रिड राहायची. साठी ओलांडलेली, उंच, पांढऱ्याशुभ्र केसांची, शाळेत गणित शिकवणारी. अमेरिकेतल्या मिनेसोटाची. पण नुसतं 'अमेरिकन' म्हटलेलं तिला चालायचं नाही. तिचे पणजोबा नॉर्वेहून बोटीने अमेरिकेला गेले. त्याला शंभरावर वर्षं झाली, पण इंग्रिड ती हकिगत अशी सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, पणजोबा काल संध्याकाळीच सामान घेऊन बंदरावर उतरलेत. अशी नॉर्वेतून अमेरिकेत आणि अमेरिकेतून आखातात आलेली मंडळी अबुधाबी-दुबईत चांगली पन्नासेक निघाली. त्यांनी एक मंडळ काढलं होतं. वर्षातून एकदा जमायचं, आपापल्या खानदानाचे तक्ते भिंतीवर लावायचे, कुणाचा पणजा कुठल्या बोटीने गेला ते उभं राहून सांगायचं आणि मग जेवायचं.

मला हे सगळं फार पटायचं. माझं माहेर रत्नागिरीजवळचं. आमची दोन कोकणी माणसं शारजात, रोल्ल्याच्या बाजारात नुसती समोरासमोर आली तरी पहिला प्रश्न 'गाव कुठलं', दुसरा 'कुणाचा तू', आणि तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं. इंग्रिडच्या मंडळींची आडनावंसुद्धा गावाकडच्या शेतावाडीवरून पडलेली. म्हणजे आपले पावसकर, दाभोळकरच की. मी त्यांना मनातल्या मनात नॉर्वेकर म्हणायचे.

यंदाचं जमणं इंग्रिडसाठी शेवटचं होतं. ती निवृत्त झाली होती. नोकरी संपली की व्हिसा खलास, इथला कायदाच तसा. पुढच्या महिन्यात ती कायमची परत जाणार होती. म्हणून तिचे नव्वदीला टेकलेले वडील, हॅरोल्ड, मुद्दाम मिनेसोटाहून आले होते. आणि त्यांच्यासाठी इंग्रिडने लुटेफिस्क करायचं ठरवलं होतं.

लुटेफिस्क म्हणजे त्यांच्या आज्यापणज्यांचा मासा. सुकवलेला कॉड आधी भिजवायचा, मग काय काय करून शिजवायचा. वडिलांनी तो येताना बॅगेतून आणला होता, अगदी लाकडाच्या फळकुटांसारखा. इंग्रिडने तो पाहुण्यांच्या बाथरूममधल्या टबात भिजत घातला. लिफ्टचं दार उघडलं की मला थेट रत्नागिरीच्या बंदरावर उतरल्यासारखं वाटायचं.

"आयुष्यभर बाबा म्हणत आलेत, माझ्या आईसारखा लुटेफिस्क कुणालाच जमत नाही," इंग्रिड मला म्हणाली. "मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय, की तुला जमला."

आता सांगा, अशा वेळी शेजारीण म्हणून मी मागे राहीन? इंग्रिड वडिलांना अमिराती दाखवायला आठवडाभर बाहेर जाणार होती. फ्लॅटची किल्ली तिने माझ्या हातात ठेवली.

"रोज पाणी बदल," ती घाईघाईत म्हणाली. "आणि मंगळवारी सिंकखालच्या कपाटात निळा डबा आहे, त्यातली पांढरी पूड दोन कप त्या पाण्यात घाल. जपून घाल हं. दोन दिवसांनी परत रोज पाणी बदल. शनिवारी जमण्याआधी नुसता उकडून हॉलवर ठेव, मी थेट तिथेच येते."

"इंग्रिड, तू निश्चिंत जा. सुकी मासळी माझ्या रक्तात आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी नसतं बोलले तर फार बरं झालं असतं.

मंगळवारी मी निळा डबा काढला आणि चटकन लांब धरला. डब्यावर चित्र होतं. एका हातावर थेंब पडतोय आणि त्या हाताला भोक पडतंय. मी तशीच डबा घेऊन घरी पळाले. माझा नवरा मुश्ताक एका ऑइल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. त्याला घरात फारसं काम मिळत नाही, त्यामुळे तो लगेच चष्मा लावून बसला.

"हा कॉस्टिक सोडा आहे," तो म्हणाला. "याने लोक तुंबलेली मोरी साफ करतात. कुणी सांगितलं हे माशात घालायला?"

"इंग्रिडने."

मुश्ताकने चष्मा काढला. आमच्या दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली. बिचारी. गणिताची टीचर, एवढी हुशार बाई, आणि आता मसाला कुठला नि मोरीची पूड कुठली ते कळेनासं झालंय. वय कुणाला सोडतं?

आमची झोया, वय वर्षं पंधरा, फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "मॉम, व्हाय डोन्ट यू जस्ट गूगल इट?"

"गूगलला माशातलं काय कळतं?" मी म्हणाले.

त्यापेक्षा मी अम्मीला फोन लावला. रत्नागिरीत बसून जगातल्या कुठल्याही माणसाचं दुखणं ओळखणारी माझी अम्मी.

"तोंडावर बिलकुल विचारू नको," अम्मी म्हणाली. "आपल्या मोहल्ल्यातल्या मास्तरांना सुनेने विचारलं, चहात मीठ का घातलंत? मास्तर आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. अशी माणसं मनाला लावून घेतात. तू हळूच अंदाज घे. वार विचार."

मी इंग्रिडला मेसेज टाकला. 'मजेत ना? आज वार कोणता गं?'

तिचं उत्तर आलं. 'काहीच पत्ता नाही! रविवार का?'

तो मंगळवार होता, मी सांगितलंच तुम्हाला.  परत विचारलं, 'काल रात्री काय जेवलात?'

'काहीतरी भाताचं होतं. नाव विसरले.'

विसरले! आता याहून आणखी काय पुरावा पाहिजे? सुट्टीवर गेलेल्या माणसाला वार आठवत नाही, आणि पहिल्यांदा खाल्लेल्या पदार्थाचं नाव तर नाहीच, हे मला आत्ता तुमच्यासमोर बोलताना सुचतंय. तेव्हा मी डोळे पुसत होते.

मग मी कंबर कसली. आधी ती पूड. फेकून कशाला द्यायची, आमचं सिंक महिनाभर तुंबलेलं होतं. ओतली. पाणी सुर्रकन खाली गेलं. "बघ, हे त्या पन्नास जणांच्या पोटात गेलं असतं," मी मुश्ताकला म्हणाले. तो गंभीरपणे म्हणाला, "याला आमच्याकडे नियर मिस म्हणतात, थोडक्यात टळलेला अपघात." तेवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण मी इंग्रिडच्या स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ, हे खायचं. साबण, हे खायचं नाही.

शेवटी मासा. इतके दिवस पाण्यात पडलेला मासा आणखी ठेवला तर नासणार. आणि नुसता उकडून लोण्याबरोबर खायचा, असं ती म्हणाली होती. सुक्या माशाची ही बेअब्रू माझ्याने बघवेना. शनिवारी सकाळी मी नारळ फोडले, लाल मिरच्या वाटल्या, आमसुलं टाकली आणि मोठ्या पातेल्यात असं सालन, म्हणजे आपलं कालवण, केलं की कॉरिडॉरमधले लोक दार वाजवून विचारून गेले. सोबत भात, आणि मी घरी लाटलेले उडदाचे पापड. इंग्रिडला मेसेज टाकला, 'सगळं सांभाळलंय, काळजी करू नकोस.' तिने लाल बदाम पाठवला.

मी, मुश्ताक आणि झोया पातेलं घेऊन आमच्याच टॉवरच्या खालच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गेलो. भिंतीभर खानदानाचे तक्ते, आज्यांचे काळेपांढरे फोटो. एकेक जण उठून आपल्या पणज्याची बोट सांगत होता. इंग्रिड आणि हॅरोल्ड फुजैराहून ट्रॅफिकमधून थेट आले, तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी, अतिशय कडक बाई, टाळी वाजवून सगळ्यांना सांगितलं, "इंग्रिडचा लुटेफिस्क." आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

पुढचे सगळे वाकून पातेल्यात बघायला लागले.

"नसरीन," इंग्रिड मला म्हणाली, "मासा कुठे आहे?"

"हाच तर."

"आणि पूड?"

मी तिला हळूच बाजूला घेतलं. हळूच बोललेसुद्धा. पण आमचा हळू आवाज खाडीपलीकडे ऐकू जातो. "इंग्रिड, घाबरू नकोस. या वयात होतं असं. तू मला माशात मोरी साफ करायची पूड घालायला सांगितलं होतंस. मी घातली नाही. कुणाला काही कळणार नाही."

पन्नास माणसांना सगळं कळलं.

सेक्रेटरीबाई पुढे आल्या. "ती पूड घातल्याशिवाय लुटेफिस्क होतच नाही," त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या. "पुडीच्या पाण्यात मासा दोन दिवस ठेवतात, तो फुगून लिबलिबीत होतो. मग पुन्हा पुन्हा साध्या पाण्यात धुतात, आणि मगच शिजवतात. आमच्या पिढ्यान् पिढ्या हेच खात आल्या."

माणसाने इथे तरी माफी मागावी की नाही? पण मी घाबरले की वाद घालते, हा माझा जन्माचा दोष. "पण खार? जेवणात?" मी म्हणाले. "आमच्याकडे असलं काही कुणी पोटात घालत नाही."

इंग्रिड रागावली असती तर परवडलं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली. "बाबांसाठी करायचं होतं गं," एवढंच म्हणाली. तिच्याकडे दुसरा मासा नव्हता, दुसरं वर्षही नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात कुणीतरी नाक ओढलं. बघते तर हॅरोल्ड. या गडबडीत त्यांनी स्वतःच ताट वाढून घेतलं होतं, आणि अर्धं संपवलं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बाबा, रडू नका," इंग्रिड धावली. "चूक झाली. मला माहीत आहे, हा आजीसारखा नाही."

"नाही," हॅरोल्ड म्हणाले. "देवाची कृपा."

"म्हणजे?"

"मिरची लागलीय, पाणी दे." ते घटाघटा पाणी प्यायले आणि पुन्हा भात कालवू लागले.

"तुम्हीच तर म्हणायचात," इंग्रिड म्हणाली, "आजीसारखा लुटेफिस्क कुणालाच जमत नाही."

"म्हणायचो. पण ते मी कौतुकाने नव्हतो म्हणत." म्हातारा शांतपणे म्हणाला. "आई समोर बसून वाढायची, म्हणून गिळायचो. तू करणार म्हणालीस, तेव्हा वाटलं तुला खायचाय. म्हणून एवढं ओझं उचलून आणलं. तुझ्या हातचा मी टोस्टसुद्धा आवडीने खातो, इंग्रिड. मला अजून काय पाहिजे?"

 इंग्रिड जी हसायला लागली ती टेबलाला धरून. हसता हसता रडली, वडिलांच्या डोक्याचा मुका घेतला आणि मला मिठी मारली. सगळा हॉल उठून पातेल्याभोवती गोळा झाला. 'माझी आजीसुद्धा!' 'आमच्याकडे कुत्राही खायचा नाही!' अशा कबुल्या चहूबाजूंनी यायला लागल्या. मी वाढत होते आणि मनात म्हणत होते, अल्लाने लाज राखली. म्हणजे बघा, आमचीच चूक, आणि कॉलर आमचीच ताठ.

फक्त सेक्रेटरीबाई विरघळल्या नाहीत. सालनाला त्यांनी बोट लावलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. त्या कोपऱ्यात बसून पापड खात होत्या. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, मग अख्खी थाळीच मांडीवर घेतली.

"हे कसं करता?" त्यांनी कागद-पेन काढून विचारलं.

झालं. मी फुलले. "सोपं आहे," मी ऐटीत म्हणाले. "उडदाचं पीठ. मिरी. हिंग, मीठ. माझ्या नानीची पद्धत आहे. अबुधाबीच्या उन्हात बाल्कनीत घातले की तासात कडक."

"आणि तळल्यावर इतके फुगतात कशाने?"

मी पातेल्यात उगाच डाव फिरवायला लागले.

"कशाने?" त्यांनी पेन सरसावलं.

"ते... पापडखाराने."

"म्हणजे काय?"

मी मुश्ताककडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. उत्तर झोयाने दिलं. या वेळी तिने माझी परवानगी न घेता गूगल केलं होतं. "इट्स ॲन अल्कलाइन सॉल्ट," ती खणखणीत आवाजात वाचू लागली. "काइंड ऑफ लाइक वॉशिंग सोडा, मॉम."

 सेक्रेटरीबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या. तिथल्या सर्वांत मोठ्या तक्त्यावर, नॉर्वेतल्या आजीबाईंच्या रांगेत, त्यांनी एक कोरी चिठ्ठी चिकटवली आणि पेन उघडून माझ्याकडे वळल्या.

"तुमच्या नानीचं नाव सांगा," त्या म्हणाल्या. "आमच्यातल्याच दिसतात."