काचेत राहिलेली चौकट

दुकानाच्या मागच्या खोलीतला जुना मॉनिटर बंद असला, तरी त्याच्या काचेत लिहिलेलं दिसायचं. बाजूने उजेड पडला की वर ‘भावपूर्ण’ हा शब्द, त्याखाली फोटोची चौकट, चौकटीच्या चारी कोपऱ्यांत पिंपळाची पानं. चौकट रिकामी. हे आमच्या मिस्टरांना माहीत होतं आणि मला. तिसऱ्या कोणाला आम्ही सांगितलं नाही, आणि कोणी तसं निरखून पाहिलंही नाही.

दुकान नांदेडातलं. लग्नाच्या पत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, कोणी वारलं तर त्याचं पत्रक, असली कामं. मालकांचं घर तीन पिढ्यांपासून छपाईत आहे. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मिस्टर तिथं कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचे, आणि मी झाडलोट करायला, चहा करायला जायचे. गिऱ्हाईक आलं की मी मागच्या खोलीत जाऊन उभी राहायचे. अजूनही माझा तोच स्वभाव आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. देगलूरकडच्या आमच्या गावात चौथीच्या पुढं वर्गच नव्हता. घरात पाठची दोन भावंडं होती, ती माझ्या कडेवर आली आणि शाळा संपली. पुढं कित्येक वर्षं मी एसटीच्या पाट्यांपलीकडं काही वाचलं नाही.

एक दिवस मिस्टरांनी गिऱ्हाइकाचा हाताने लिहिलेला कागद माझ्यापुढं धरला. “वाच, मी टाइप करतो.”

“मला न्हाई येत भराभरा.”

“भराभरा कोण म्हनलं? मला हळूच पाहिजे.”

तिथून सुरू झालं. आधी मी कागद वाचायची, मग टाइप झालेलं पडद्यावर वाचायची. शिकलेली माणसं शब्द नुसता बघून ओळखतात, पुढं जातात. मला तसं येत नाही. मी अक्षराला अक्षर लावत जाते, तांदूळ निवडल्यासारखी, म्हणून खडा हाताला लागतो. महिन्याभरात चाचांनी ठरवून टाकलं की भाभींनी वाचल्याशिवाय कागद मशीनवर जायचा नाही. चाचांची शाळा उर्दूतून झालेली. मराठी ते बोलायचे झकास, पण वाचताना अडखळायचे.

जुना मॉनिटर जाड काचेचा, मागं पोट सुटलेला. त्याच्यावर अक्षरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसायच्या. जवळ जाऊन पाहिलं तर ‘क’चं पोट विटा रचल्यासारखं. कॉम्प्युटरमध्ये या कडा मऊ करून दाखवायची सोय असते. पायऱ्यांच्या खाचांत फिकट रंग भरला जातो आणि अक्षर गोल भासतं. ती सोय मिस्टरांनी माझ्यासाठी बंद करून ठेवली होती. रंग भरला की बारीक अक्षरातल्या फटी बुजायच्या आणि मी जोडाक्षरावर अडकायची.

चाचा मिस्टरांची चेष्टा करायचे. “मियाँ, ही अक्षरं उंदरानं कुरतडली का?”

“छापल्यावर गोलच येतात चाचा. आमच्या बाईला कुरतडलेलीच वाचता येतात.”

“मग उंदरालाच पगार द्यावा लागेल!”

मी चहाची कपबशी उचलायच्या निमित्तानं तिथून निघायची, पण हसू यायचं.

चौकटीचं असं झालं होतं. लग्नाच्या पत्रिकेला माणूस आठ दिवस थांबतो. वारल्याचं पत्रक मात्र तासाभरात लागतं. माणसं दारात उभी असतात, बोलत नाहीत. म्हणून मिस्टरांनी एक नमुना तयार ठेवला होता आणि तो ते पडद्यावर उघडाच ठेवायचे. हातात काम नसेल तेव्हा दिवसभर तोच समोर. वर मोठ्या अक्षरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आमच्या बौद्ध लोकांचं काम आलं की तिथं ‘आदरांजली’ करायचे आणि नावाआधी ‘कै.’च्या जागी ‘कालकथित’ लावायचे. जाड काचेच्या मॉनिटरवर एकच गोष्ट वर्षानुवर्षं उभी राहिली की तिचा डाग आत बसतो, पुसता येत नाही. ‘भावपूर्ण’ कायम तोच, म्हणून तो स्वच्छ बसला. दुसरा शब्द कधी हा, कधी तो, म्हणून तिथं नुसता काळपट धूर. चौकट मात्र पानांसकट बसली. कोणाच्याही लग्नाची पत्रिका उघडली तरी तिच्यामागं ती फिकट दिसायचीच. माझे डोळे तिला वगळून वाचायला शिकले.

मग मिस्टर गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्याच्या पायरीवरच सगळं संपलं.

त्यांचं जलदान विधीचं पत्रक चाचांनी स्वतः टाइप केलं, एका बोटानं. मग घरी आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, “भाभी, कसं म्हणू तुम्हाला. पण त्याच्या कागदात चूक जायला नको. दुसरं कोण वाचणार?”

मी पदर घेऊन दुकानात गेले. त्या मॉनिटरवर मिस्टरांचा फोटो बरोबर त्या बसलेल्या चौकटीत आला होता. एका सुताचाही फरक नाही. मी नाव वाचलं, गाव वाचलं, वार वाचला. चूक नव्हती. चाचांनी फाइल बंद केली तेव्हा फोटो गेला आणि चौकट राहिली. पण मला ती त्यानंतर कधी रिकामी वाटली नाही.

महिन्याभरानं चाचांनी मला परत बोलावलं. “तुमची जागा तुमचीच आहे. फक्त नजर राहू द्या. माझं दुकान तुमच्या नजरेवर चाललंय.”

मिस्टरांच्या जागी टायपिंगला एक ताई आल्या. माझ्याहून लहान, बोलक्या, मला मावशी म्हणायच्या. त्यांच्यासाठी चाचांनी लातूरच्या एका बंद झालेल्या ऑफिसातून दोन कॉम्प्युटर आणि त्यांचे चपटे मॉनिटर आणले. पांढरेशुभ्र, हलके. ताईंनी पहिली पत्रिका उघडली आणि म्हणाल्या, “वाचा मावशी.”

मला वाचता येईना.

अक्षरं गोल होती, सुंदर होती, पण पाण्यातून बघावं तशी. कडेला लाल-निळी झाक. ‘ष्ठ’ आणि ‘ष्ट’ सारखेच काळे गोळे. मी पुढं वाकले, मागं सरले. ताई सहज वाचत होत्या. त्यांना काही वेगळं दिसत नव्हतं. मी मान डोलावली आणि म्हणाले, ठीक आहे.

घरी येऊन पेपर काढून बसले. पेपर वाचता येत होता. म्हणजे डोळे गेले नव्हते. मग मनात आलं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. माझं वाचणं माझं नव्हतंच, ते यांचं होतं. ते गेले, तसं तेही हळूहळू चाललंय. पेपर उरलाय, तोही जाईल.

वाचता येत नाही म्हणून सांगितलं असतं तर मी परत झाडूवाली झाले असते. त्याचंही मला काही नव्हतं. पण मग त्या दुकानात यांनी मला दिलेलं काहीच उरलं नसतं.

एक वाट मात्र होती. पत्रिका छापायचं मशीन जुन्या कॉम्प्युटरलाच जोडलेलं होतं. तो मागच्या खोलीत, त्याच जाड मॉनिटरसकट. यांनी लावून ठेवलेलं सगळं तसंच होतं. छापायच्या आधी फाइल तिथं उघडावी लागायची. मी पुढं बसून नुसती मान डोलवायची आणि खरं वाचन मागं जाऊन करायची. पायऱ्यापायऱ्यांची अक्षरं, मागं चौकट. तिथं बसलं की मला सगळं यायचं. कधी कधी वाचून झालं तरी मी बसून राहायची. कधी हळूच सांगायचीही, आज हे झालं, आज ते झालं.

मुदखेडच्या एका घरातल्या लग्नाची पत्रिका आली तो दिवस मला विसरता येत नाही. ताईंनी फाइल मागं उघडून दिली आणि त्या पुढं गेल्या. दुपारची वेळ, खोलीत उजेड कमी. मी वाचायला लागले. नवरीचं नाव, वडलांचं नाव. मध्येच नजर वर गेली. ‘भावपूर्ण’च्या शेजारी, जिथं एवढी वर्षं धूर होता, तिथं ‘श्रद्धांजली’ लिहिलेलं होतं. फिकट, पण पूर्ण. एक एक अक्षर लागत होतं.

मला वाटलं, हे मिस्टरच करून राहिलेत. धूर निवळवून मला दाखवून राहिलेत की मी आहे इथं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, मग ‘आदरांजली’ का नाही? यांना तर आदरांजली पाहिजे. पण त्या विचारावर मी थांबले नाही. मला थांबायचं नव्हतं. डोळे भरून आले, बाकीच्या ओळी मी वाचल्यासुद्धा नाहीत. बाहेर येऊन म्हणाले, “ठीक आहे ताई, लावा मशीनवर.”

चार दिवसांनी नवरीचे वडील आले. पत्रिकांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर आपटला. सोबत नवरी होती.

“माझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका हाय ही का तेराव्याची? ऑं? पावने फोन करून विचारून राहिलेत, कोन गेलं म्हून!”

चाचांनी पत्रिका उजेडात धरली. गुलाबी अक्षरांच्या मागं फिकट राखाडी छापलं होतं. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली चौकट.

मला मागच्या खोलीच्या दारात उभ्याउभ्या सगळं कळलं. ताईंची एक पद्धत होती. ओळखीच्या घरचं काम आलं की त्या घराची जुनी फाइल उघडायच्या, जुना मजकूर फिकट करायच्या आणि त्याच्यावर नवा बसवायच्या. गाव, आडनावं पुन्हा शोधावी लागू नयेत म्हणून. शेवटी जुनं पुसून टाकायच्या. त्या दिवशी नाव, फोटो, तारीख सगळं पुसलं, आणि वरची ओळ अन् चौकट राहून गेली. तो यांनीच केलेला नमुना, त्यामुळं काचेतल्या डागावर ती तंतोतंत बसली. मला एकच दिसली.

नवरीने चौकटीवर बोट ठेवलं. “इथं आईचा फोटो होता,” ती म्हणाली. “मागच्या साली तुम्हीच करून दिलता. भिंतीवर हाय आमच्या. ही पानं मी वळखते.”

तिच्या वडलांनी गठ्ठा उलटा करून ठेवला.

चाचा ताईंकडं वळले. “भाभींच्या नजरेतून हे सुटत नाही. त्यांनी बघितल्यावर तुम्ही काहीतरी हलवलं.”

“नाही चाचा, मी काही हलवलं नाही.”

“मग काय आपोआप आलं? साफ सांगतो, उद्यापासून येऊ नका.”

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी बघितलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. परक्या माणसापुढं मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

“मी बघितलं होतं,” मी म्हणाले.

“क्या?”

“मला दिसलं होतं. मला वाटलं, ते काचेत आहे.”

चाचांना कळेना. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. सगळेच आले, नवरीसुद्धा. मी खिडकीचा पडदा बाजूला सारला, मॉनिटर बंदच होता, आणि बोट दाखवलं. हळूहळू सगळ्यांना दिसलं. ‘भावपूर्ण’, धूर, चौकट, पानं.

“या अल्ला,” चाचा म्हणाले. “कधीपासून?”

“हे होते तेव्हापासून.”

ताईंनी मॉनिटर सुरू केला, ती पत्रिका उघडली, आणि माउसने पान थोडं खाली सरकवलं. माउसला मी कधी हात लावत नसे, म्हणून हे मला कधी सुचलं नाही. एका चौकटीतून दुसरी चौकट बाहेर निघाली. पत्रिकेतली पानाबरोबर खाली गेली. काचेतली तिथंच राहिली.

नवरी बराच वेळ बघत होती. मग तिने मला विचारलं, “मावशी, ही कोनाची?”

“आमच्या मिस्टरांची,” मी म्हणाले. असं मी पहिल्यांदाच कोणाला सांगितलं.

चाचांनी पत्रिका पुन्हा छापून दिल्या, स्वतः मुदखेडला जाऊन पोचवल्या. ताईंना काढलं नाही. मलाही नाही. पण त्या दिवशी मला सगळंच सांगावं लागलं, पुढच्या मॉनिटरवर मला वाचता येत नाही हेही. मला वाटलं होतं चाचा आता झाडू हातात देतील. ताईंनी विचारलं, “कसं दिसतं नेमकं?” मी म्हणाले, पाण्यातून बघितल्यासारखं, कडेला रंग. त्यांनी पुढच्या कॉम्प्युटरवर कुठंतरी जाऊन एका खुणेवर टिचकी मारली. अक्षरांचे गोल मोडले, पायऱ्या आल्या, फटी उघडल्या.

“मावशी, एवढंच होतं की! आधी नाही का सांगायचं?”

मी नवरीचं नाव वाचलं. वाचता आलं.

जुना मॉनिटर चाचांनी भंगारात दिला. भंगारवाल्यानं तो पोटाशी धरून गाड्यावर ठेवला, काच माझ्याकडं होती. उन्हात काहीच दिसत नव्हतं.

आता मी पुढंच बसते. वाचायच्या आधी ताईंना सांगते, पान जरा सरकवा. त्या हसतात, पण सरकवतात. पान वर जातं, खाली जातं, त्याच्याबरोबर सगळं जातं. मी मागं काही राहिलंय का ते बघते. नुसता पांढरा उजेड असतो. मग मी वाचायला लागते.